नायजर नदीवरील सेगू प्रांत व तेथील पाटपाणी

आपल्या नित्याच्या भाकरीची बाजरी मूळची पश्चिम आफ्रिकेंतील होय, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. माली देशाच्या ईशान्य भागांत लागवडीच्या बाजरीचे सुमारें ४,५०० वर्षांपूर्वींचे अवशेष सांपडले आहेत. त्याच देशांत नायजर नदीच्या कांठीं सेगू नांवाचा प्रांत आहे. तेथेंही बाजरी व ज्वारी मुबलक पिकते. परंतु प्रांताचा लौकिक आहे तो पाटाच्या भातासाठीं. त्या पाटाची हकीकत प्रत्येक बागाइतदारानें समजून घेण्याजोगी असल्यामुळें आम्ही ती थोडक्यांत देत आहों.

भूगोल व धंदे.— नायजर नदी गिनी देशाच्या डोंगरांत उगम पावून ईशान्येस वाहत जाते. मालीची राजधानी बामाको. तेथून सुमारें १४५ मैलांवर नदीच्या उजव्या तीरीं सेगू शहर वसलें आहे. मुलूख सपाट असून पाऊस जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पडतो. त्याचें मान सेगूस सुमारें २५ इंच असून उत्तरेस तें कमी होत जातें. शेती बहुधा बांबारा लोक करितात, गुरें फुलानी लोक पाळतात व मासेमारी बोझो लोकांकडे आहे.

पाटाची हकीकत.— आपल्या गिरण्यांस कापूस मिळावा या हेतूनें फ्रेंच सरकारनें १९३२ सालीं ‘ऑफिस द्यु निजेर’ नांवाचें खातें काढलें. मार्काला येथील बंधाऱ्याचें काम १९३४ पासून १९४७ पर्यंत चाललें. हा बंधारा पाणी सांठवीत नाहीं. पातळी उंचावून तें पाटांत वळवितो, व पुढें उतारानेंच तें शेतांपर्यंत जातें. सुमारें २५ लक्ष एकर भिजविण्याचा संकल्प होता. कामावर वेठीचे मजूर राबविले; दूरच्या मुलखांतून कुटुंबें आणून वसविलीं. वेठ १९४६ सालीं कायद्यानें बंद झाली. इतकें करूनही १९६० सालीं देश स्वतंत्र झाला तेव्हां संकल्पाचा दहावा हिस्साही भिजत नव्हता. १९७० सालीं तेथील कापूस सोडून देऊन सर्व भर भातावर देण्यांत आला.

तरी उत्पन्न वाढेना. भात विकावयाचें तें खात्यासच, दरही वरूनच ठरावयाचा, आणि पाट तर गाळानें भरलेले! १९८० च्या सुमारास एकरीं अवघें सहा-सात क्विंटल भात येई. त्यानंतर हॉलंड व फ्रान्स यांच्या साहाय्यानें पाट दुरुस्त झाले, वाफे सपाट केले गेले, फोकून पेरण्याऐवजीं रोपें लावण्याची चाल पडली आणि भात बाजारांत विकण्याची मोकळीक शेतकऱ्यांस मिळाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस सुधारलेल्या भागांत उत्पन्न एकरीं २० क्विंटलांवर गेलें. नदी तीच, बंधारा तोच. बदलली ती व्यवस्था.

पाणीपट्टी व जमीन.— जमीन सरकारची असून पाणीपट्टी थकल्यास शेत काढून घेण्यांत येतें. मात्र पट्टीच्या रकमेंतून कोणता पाट दुरुस्त करावयाचा, हें ठरविणाऱ्या समित्यांत शेतकऱ्यांचेही प्रतिनिधि बसतात. हक्क कच्चा असला म्हणजे काय होतें तें २००८ सालीं दिसलें. त्या सालीं एका लिबियन कंपनीस सुमारें अडीच लक्ष एकर जमीन देण्याचा करार झाला, व उन्हाळ्यांतील तुटपुंजें पाणी कोणास मिळणार, अशी धास्ती गांवकऱ्यांस पडली. लिबियांतील २०११ च्या राज्यक्रांतीनंतर तें काम थंडावलें.

प्रेक्षणीय गोष्टी.— तांबड्या मातीच्या इमारती, बांबारा राजा बिटन कुलिबाली याची जुनी राजधानी सेगू-कोरो, कालाबुगू येथील कुंभारणींचीं मडकीं व चिखलानें रंगविलेलें ‘बोगोलान’ कापड हीं येथील वैशिष्ट्यें होत. प्रसिद्ध प्रवासी मंगो पार्क यानें १७९६ सालीं नायजर नदी प्रथम पाहिली ती येथेंच. २००५ पासून नदीकांठीं संगीताचा उत्सव भरूं लागला; परंतु २०१२ नंतर देशांत माजलेल्या बंडाळीमुळें प्रवास धोक्याचा झाला आहे.

सारांश, पाट खणल्यानें पाणी येतें. पीक येण्यास चोख दुरुस्ती, विक्रीची मोकळीक व पट्टीच्या खर्चांत शेतकऱ्याचा शब्द हीं तिन्ही लागतात. पाटाखालीं जमीन असलेल्या वाचकांनीं आपल्या गांवच्या पट्टीचा हिशेब एकदां मागून पाहावा, इतकीच आमची सूचना आहे.