आणखी एक वर्ष



आपल्या नवी मुंबईत कितीतरी घरांच्या गॅलरीत वडाचे किंवा उंबराचे बोन्साय असते. दोन-तीन वर्षे ते छान वाढते. मग पाने पिवळी पडू लागतात, घातलेले पाणी मातीत मुरत नाही. "हे आता गेले," असे म्हणून आपण ते टाकायला निघतो. पुष्कळदा झाड मेलेले नसते. कुंडी मुळांनी गच्च भरलेली असते.

अशा झाडाची कुंडी पावसाळ्याच्या सुरुवातीला बदलावी. झाड अलगद बाहेर काढून काडीने मुळे मोकळी करावीत. बाहेरची सुमारे एक तृतीयांश मुळे धारदार कात्रीने कापावीत. फांद्याही थोड्या छाटाव्यात, कारण उरलेली मुळे सगळ्या पानांना पाणी पुरवू शकत नाहीत. कुंडीच्या भोकावर जाळी ठेवून विटांचा चुरा, लाल माती आणि कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे. झाड तारेने कुंडीला बांधावे, नाहीतर वाऱ्याने हलून कोवळी मुळे तुटतात. दोन-तीन आठवडे ते सावलीत, मुसळधार पावसापासून आडोशाला ठेवावे.

संत लूकच्या शुभवर्तमानात (13:6-9) येशूने अंजिराच्या झाडाचा दाखला दिला आहे. वड, उंबर आणि अंजीर एकाच कुळातले. तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी एका वर्षाची मुदत मागतो. पण तो नुसती वाट पाहणार नाही. झाडाभोवती खणून खत घालण्याचे काम तो स्वतःच्या अंगावर घेतो. मालक फळ बघतो, माळी मुळांकडे बघतो.

आपल्या घरातही नापास झालेला मुलगा असतो, दारूत अडकलेला भाऊ असतो, मिस्साला येणे सोडलेली बहीण असते. "त्याचे काही खरे नाही," असे म्हणणे सोपे. त्याच्या मुळांभोवतीची माती किती घट्ट झाली आहे, हे आपण कधी पाहिले का? ती घट्ट होण्यात आपल्या टोमण्यांचाही वाटा असेल.

पुढच्या वर्षी त्या झाडाला फळ आले का, हे येशू सांगत नाही. ते आपल्यावर सोपवले आहे.

चिंतनासाठी: माझ्या घरात मी कोणाला 'गेलेला' ठरवले आहे?

या आठवड्याचा संकल्प: त्या व्यक्तीजवळ अर्धा तास बसेन, उपदेश न करता ऐकेन.