फोक्सवॅगन : नावाची कमाई आणि काटामारीची किंमत

व्यापाऱ्याचे एक भांडवल गल्ल्यात असते आणि दुसरे गिऱ्हाइकाच्या मनात. पहिले कमी पडले तर भागीदार घेऊन वाढवता येते. दुसरे मात्र उसने मिळत नाही. ते वर्षानुवर्षे थोडे थोडे साठवावे लागते आणि त्याची कुठल्याही वहीत नोंद नसते. यालाच आपण दुकानाचे नाव, पत किंवा साख म्हणतो.

जर्मनीची फोक्सवॅगन ही मोटार कंपनी या दुसऱ्या भांडवलाचा अभ्यास करण्यासाठी चांगले उदाहरण आहे. मोडकळीस आलेल्या कारखान्यातून तिने जगभर नाव कमावले आणि २०१५ साली एका लबाडीपायी ते धुळीस मिळवले. आपल्या समाजातील असंख्य कुटुंबे गॅरेज, सुटे भाग, टायर, ट्रान्सपोर्ट आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री यांवर पोट भरतात. शिवाय पुण्याजवळ चाकण येथे या कंपनीचा कारखाना २००९ पासून आहे आणि याच समूहातील स्कोडाच्या गाड्या औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथे २००१ पासून बनू लागल्या. तेव्हा हा इतिहास आपल्याला अगदीच परका नाही.

पहिली अमानत बुडाली

'फोक्सवॅगन' या जर्मन शब्दाचा अर्थ 'जनतेची गाडी'. सामान्य कामगाराला परवडेल अशी मोटार बनवण्याचे काम हिटलरच्या सरकारने १९३४ साली फर्डिनांड पोर्शे या इंजिनियरकडे सोपवले. १९३७ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९३८ मध्ये कारखान्याची पायाभरणी झाली. गाडीची किंमत ठरली ९९० मार्क.

ही रक्कम एकदम भरणे कामगाराला शक्य नव्हते. म्हणून बचत योजना काढण्यात आली. दर आठवड्याला ५ मार्कचे तिकीट घ्यायचे, पुस्तिकेत चिकटवायचे आणि पुस्तिका भरली की गाडी घ्यायची. सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी या योजनेत नाव नोंदवले. पण १९३९ साली महायुद्ध सुरू झाले आणि कारखाना लष्करी वाहने व शस्त्रे बनवू लागला. बचत करणाऱ्यांपैकी एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही.

या योजनेत ठेवीवर व्याज दिले जात नव्हते. परंतु व्याज नाही म्हणून व्यवहार पाक झाला, असे होत नाही. इथे अमानतीत खयानत झाली होती. युद्धानंतर फसलेल्या लोकांनी कोर्टात धाव घेतली. बरीच वर्षे खटला चालून अखेर १९६१ साली तडजोड झाली. नव्या गाडीच्या किमतीत ६०० मार्कपर्यंत सूट किंवा १०० मार्क रोख, एवढ्यावर त्यांना समाधान मानावे लागले.

याहून मोठा डाग आहे वेठबिगारीचा. युद्धकाळात या कारखान्यात सुमारे २० हजार लोकांना जबरदस्तीने राबवण्यात आले. त्यांत युद्धकैदी होते, जिंकलेल्या देशांतून पकडून आणलेले स्त्री-पुरुष होते आणि छळछावण्यांतील कैदीही होते. कंपनीने पुढे हान्स मॉम्सेन या नामवंत इतिहासकाराकडे हा काळ तपासण्याचे काम दिले. त्यांचा जाडजूड ग्रंथ १९९६ साली प्रसिद्ध झाला. १९९८ मध्ये कंपनीने या मजुरांसाठी २ कोटी मार्कचा निधी उभारला. तोपर्यंत अर्धे शतक उलटून गेले होते आणि हक्कदारांपैकी कित्येक जण जग सोडून गेले होते.

पडक्या कारखान्यातून सुरुवात

१९४५ मध्ये जर्मनी हरला. कारखाना बॉम्बहल्ल्यात मोडला होता आणि तो इंग्रजांच्या ताब्यात आला. गावाला वुल्फ्सबर्ग हे नवे नाव मिळाले. आयव्हन हर्स्ट हा ब्रिटिश मेजर तिथे नेमला गेला. इंग्रज फौजेला वाहने हवी होती. त्याने जुन्या नमुन्याची एक गाडी रंगवून वरिष्ठांना दाखवली आणि २० हजार गाड्यांची मागणी मिळवली. छप्पर गळत होते, कोळसा नव्हता, पत्रा मिळत नव्हता. तरीही १९४६ च्या मार्चमध्ये महिन्याला एक हजार गाड्यांचा पल्ला गाठला गेला. हर्स्टने दोन गोष्टींचा पाया घातला. एक, माल तपासणारा वेगळा विभाग आणि दुसरी, विक्रीनंतरची सेवा.

१९४८ च्या जानेवारीत हाइन्रिख नॉर्डहॉफ या जर्मन इंजिनियरने सूत्रे घेतली. १९६८ साली मृत्यू होईपर्यंत तो त्या पदावर होता. त्याचे धोरण साधे होते. दरवर्षी गाडीचे रूप बदलून गिऱ्हाइकाला भुलवायचे नाही. एकच गाडी ठेवायची आणि तिच्यातले दोष एकेक करून काढायचे. तिचा आकार किड्यासारखा म्हणून लोक तिला 'बीटल' म्हणू लागले. इंजिन मागे आणि हवेने थंड होणारे. म्हणजे रेडिएटर नाही, पाणी उकळण्याची भानगड नाही आणि थंडीत गोठण्याचीही नाही. रचना सोपी असल्यामुळे लहान गावातला मिस्त्रीसुद्धा ती दुरुस्त करू शके.

परदेशात गाडी विकतानाही आधी सुटे भाग आणि शिकलेले कारागीर यांची सोय करण्यावर कंपनीचा भर राहिला. गाडी बंद पडली तर ती उभी राहणार नाही, हा भरवसा गिऱ्हाइकाला मिळाला. १९५५ साली दहा लाखावी बीटल बाहेर पडली. १७ फेब्रुवारी १९७२ रोजी १ कोटी ५० लाख ७ हजार ३४ वी बीटल तयार झाली आणि फोर्डच्या 'मॉडेल टी' चा विक्रम मोडला. ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोत शेवटची बीटल बनली, तेव्हा एकूण आकडा २ कोटी १५ लाखांच्या पुढे गेला होता.

स्वतःचा दोष सांगणारी जाहिरात

अमेरिकेत ही गाडी विकणे सोपे नव्हते. गाडी लहान, रूप बेढब आणि जन्म हिटलरच्या राजवटीतला. १९५९ साली कंपनीने न्यूयॉर्कच्या डॉयल डेन बर्नबॅक या जाहिरात संस्थेला काम दिले. त्यांच्या एका प्रसिद्ध जाहिरातीत बीटलचे चित्र होते आणि खाली इंग्रजीत एकच शब्द होता. त्याचा अर्थ 'खोटा माल'. पुढच्या मजकुरात खुलासा असा, की आतील कप्प्यावरची चकाकती पट्टी डागाळली होती, म्हणून तपासनीसाने ही गाडी बाजूला काढली. वुल्फ्सबर्गला फक्त तपासणीच्या कामावर ३ हजार ३८९ माणसे आहेत, असेही त्यात सांगितले होते.

जाहिरातीचा सारांश एवढाच, की खोट आम्ही काढतो म्हणजे ती तुमच्या पदरी पडत नाही. लोकांनी हे मानले, कारण अनुभव तसाच येत होता. 'जर्मन इंजिनियरिंग' या दोन शब्दांना जगात जी किंमत आली, तिच्यात अशा हजारो अनाम तपासनीसांचा वाटा आहे.

परीक्षेपुरता प्रामाणिकपणा

आता दुसरी बाजू पाहू. डिझेल इंजिन तेल कमी खाते, पण त्याच्या धुरात नायट्रोजन ऑक्साइड हे विषारी वायू असतात. दमा आणि फुप्फुसाच्या विकारांना ते कारण ठरतात. हे वायू कमी करायचे तर धूर स्वच्छ करणारी यंत्रणा सतत चालवावी लागते. त्यामुळे खर्च वाढतो आणि गाडीचा जोर व मायलेज सांभाळणे अवघड जाते. २००६ च्या सुमारास अमेरिकेसाठी नवे डिझेल इंजिन तयार करताना ते तिथल्या कडक नियमांत बसत नाही, हे कंपनीच्या इंजिनियरांच्या लक्षात आले.

सरळ मार्ग होता, की इंजिन सुधारावे किंवा ते विकू नये. त्यांनी तिसरा मार्ग काढला. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर चढवून तपासतात. चाके फिरतात, पण स्टिअरिंग हलत नाही आणि वेगाचा चढउतार ठरलेला असतो. गाडीतील संगणकाला ही लक्षणे ओळखायला शिकवण्यात आले. परीक्षा चालू आहे असे दिसले, की धूर स्वच्छ करणारी यंत्रणा पूर्ण चालायची. गाडी रस्त्यावर आली, की ती ढिली पडायची. आपल्याकडे उसाच्या वजनात होणाऱ्या लबाडीला काटामारी म्हणतात. ही धुराची काटामारी होती.

चोरी पकडली ती अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका लहान पथकाने. त्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे दोन भारतीय संशोधक होते. त्यांनी मोजण्याचे यंत्र गाडीतच बसवले आणि गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली. जेटा गाडीचा धूर मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाला. हा अहवाल २०१४ मध्ये आला. कंपनीने वर्षभर टाळाटाळ केली. अखेर १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकन सरकारच्या पर्यावरण संस्थेने नोटीस काढली. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या असल्याचे कंपनीला कबूल करावे लागले. पाच दिवसांत कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकॉर्न यांनी राजीनामा दिला. २०१५ सालचा हिशेब तोट्यात गेला. १९९३ नंतरचा हा पहिलाच वार्षिक तोटा. दंड, भरपाई आणि गाड्या परत घेणे यांवर पुढे ३० अब्ज युरोहून अधिक खर्च झाला.

भारतातही डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. आपण भारतातील नियम मोडले नाहीत, असे तिचे म्हणणे होते. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तिला ५०० कोटी रुपये दंड सुनावला. त्यावर कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मे महिन्यात न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

बाजाराने शिक्षा केली काय?

इथे एक कडू सत्य सांगितले पाहिजे. लबाडी उघड झाल्यावर कंपनी बसली असे झाले नाही. २०१६ साली तिने सुमारे १ कोटी ३ लाख वाहने विकली आणि टोयोटाला मागे टाकून जगात पहिला क्रमांक मिळवला. तेव्हा 'प्रामाणिकपणा ठेवा म्हणजे धंदा वाढेल आणि लबाडी करा म्हणजे दुकान बंद पडेल' असे सोपे गणित मांडता येत नाही. बाजार पुष्कळदा विसरतो. शिक्षा कोर्टाने केली, बाजाराने नव्हे. आणि ज्याच्या फुप्फुसात तो धूर गेला, त्याने तर बहुधा ती गाडी विकतही घेतली नव्हती.

म्हणूनच इस्लामने माप-तोलाचा प्रश्न नफा-तोट्यावर सोडलेला नाही. मापात मारणाऱ्यांवरून कुरआनातील एका सूरहला अल-मुतफ्फिफीन हे नाव आहे. हदीसमध्ये प्रसंग येतो, की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. त्यावर, मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, अशी विचारणा त्यांनी केली आणि फसवणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले. परीक्षेत स्वच्छ आणि रस्त्यावर घाण, ही गाडी म्हणजे वरून कोरडा आणि आतून ओला असा तोच ढीग आहे.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट, नाव जाहिरातीने होत नाही. तपासणी, सुटे भाग आणि वेळेवर दुरुस्ती यांनी ते होते. जाहिरात फक्त झालेले काम लोकांपर्यंत नेते.

दुसरी गोष्ट, आगाऊ घेतलेला पैसा ही अमानत आहे. ऑर्डर घेऊन माल न देणाऱ्याला 'परिस्थिती बदलली' एवढे म्हणून सुटता येत नाही. माल नाही तर पैसा परत, आणि तोही वेळेवर.

तिसरी गोष्ट, 'साहेबांनी सांगितले म्हणून केले' ही सबब चालत नाही. या प्रकरणात अमेरिकेत जेम्स लिआंग या इंजिनियरला ४० महिने आणि ऑलिव्हर श्मिट या अधिकाऱ्याला ७ वर्षे तुरुंगाची शिक्षा झाली. २०२५ च्या मेमध्ये जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथील कोर्टाने आणखी चार माजी अधिकारी-इंजिनियरांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी दोघांना कैद सुनावली. गॅरेजमध्ये मालक किलोमीटरचा मीटर मागे फिरवायला सांगतो किंवा डुप्लिकेट पार्ट ओरिजिनल म्हणून बसवायला लावतो, तेव्हा हात कारागिराचा असतो. जबाबही त्याला द्यावा लागतो.

चौथी गोष्ट, पीयूसीच्या दिवसापुरते कार्ब्युरेटर किंवा पंप जुळवून देणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखे करणे, हे फोक्सवॅगनने केले तेच आहे. फरक फक्त आकाराचा.

जर्मन तपासनीसाने डागाळलेल्या पट्टीसाठी गाडी अडवली, तेव्हा ती पट्टी कोणी पाहिलीही नसती. त्याच कंपनीच्या इंजिनियरांनी धूर लपवला, तेव्हाही तो कोणाला दिसणार नाही असेच त्यांना वाटले होते. दुकानातला, गॅरेजमधला, कारखान्यातला प्रत्येक माणूस रोज अशा न दिसणाऱ्या जागी उभा असतो. तिथे गिऱ्हाईक पाहत नाही आणि इन्स्पेक्टरही पाहत नाही. अल्लाह पाहतो. हे ध्यानात ठेवून केलेल्या तिजारतीलाच हलाल रोजी म्हणावे आणि बरकतही तिथेच मागावी.