वळण : सातत्यपूर्ण निवड आणि जीवनाची दिशा

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• ‘वळण’ या शब्दाच्या अर्थच्छटांच्या आधारे सवय आणि जीवनाची दिशा यांचा संबंध स्पष्ट करता येईल.
• मराठवाड्यातील दोन व्यक्ती आणि एक शैक्षणिक प्रयोग यांच्या आधारे सातत्यपूर्ण निवडीचे स्वरूप सांगता येईल.
• वैयक्तिक निवड आणि परिस्थितीची मर्यादा यांतील फरक ओळखता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीतील ‘वळण’ हा शब्द बारकाईने पाहण्यासारखा आहे. रस्ता जेथे दिशा बदलतो, त्या जागेला आपण वळण म्हणतो. एखाद्याच्या हस्ताक्षराची जी घडण असते, तिलाही वळण म्हणतो. मुलांना शिस्त लावणे म्हणजे त्यांना वळण लावणे. यांपैकी पहिल्या अर्थाचे वळण एका ठिकाणी, एका क्षणी येते. उरलेल्या दोन अर्थांचे वळण मात्र दीर्घ सरावातून तयार होते. अक्षराला वळण कोणत्या दिवशी आले, हे कोणालाही सांगता येत नाही.

‘आयुष्याला वळण मिळाले’ असे म्हणताना आपल्या मनात बहुधा पहिला अर्थ असतो. परीक्षेचा निकाल, लग्न, नोकरी, घरातील कर्त्या माणसाचा मृत्यू अशा एखाद्या घटनेकडे आपण बोट दाखवतो. अशा घटनांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. तथापि, त्या घटनेनंतरच्या शेकडो साध्या दिवसांत माणूस काय निवडतो, यावर आयुष्याची दिशा अधिक अवलंबून असते, असे या पाठाचे प्रतिपादन आहे.

हा विचार नवा नाही. शील आणि सवय यांसाठीचे ग्रीक शब्द एकमेकांचे सगोत्र आहेत, याकडे अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिविचारात लक्ष वेधले. न्याय्य कृती वारंवार केल्याने माणूस न्यायी होतो, असे त्याचे म्हणणे होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सवयीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. आपल्याकडील ‘संस्कार’ या संकल्पनेतही पुनरावृत्तीचा भाव आहे. आता हा विचार आपल्या परिसरातील उदाहरणांवर तपासून पाहू.

२. नरहर कुरुंदकर : निकालापलीकडचे वाचन

मराठीचे विद्यार्थी म्हणून तुम्हांला नरहर कुरुंदकर हे नाव परिचित असेल. त्यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे झाला. हे गाव त्या वेळच्या परभणी जिल्ह्यात होते. आज ते हिंगोली जिल्ह्यात आहे. पुढील शिक्षणासाठी ते हैदराबादला गेले. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. तेथे कुरुंदकरांचे वाचन विस्तारत गेले, पण परीक्षेने त्यांना साथ दिली नाही. इंटरच्या परीक्षेत ते एकाहून अधिक वेळा अनुत्तीर्ण झाले.

येथे थोडे थांबून विचार करा. वारंवार अनुत्तीर्ण होणाऱ्या तरुणाविषयी घरात आणि गावात काय बोलले जाते, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. अशा वेळी पुस्तकांकडे पाठ फिरवणे सोपे असते. कुरुंदकरांनी वाचन सोडले नाही. पुढे ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. बी.ए. आणि एम.ए. या पदव्या त्यांनी तिशीच्या आसपास, नोकरी सांभाळून मिळवल्या. त्यानंतर ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक आणि कालांतराने प्राचार्य झाले.

त्यांच्या अभ्यासाची व्याप्ती एखाद्या पदवीच्या अभ्यासक्रमात मावणारी नव्हती. भरताचे नाट्यशास्त्र, रिचर्ड्सची कलामीमांसा, मनुस्मृती, इतिहास आणि समकालीन राजकारण या सर्वांवर त्यांनी लिहिले. रणजित देसाई यांच्या ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला प्रस्तावना म्हणून त्यांचे दीर्घ पत्र जोडलेले आहे. ‘जागर’ (१९६९), ‘शिवरात्र’ (१९७०) आणि मराठी कादंबरीचा विचार करणारा ‘धार आणि काठ’ (१९७१) हे ग्रंथ लागोपाठ आले. १० फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय पन्नासही नव्हते.

तीन वर्षांत तीन महत्त्वाचे ग्रंथ पाहिले की अचानक बहर आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्या ग्रंथांची तयारी अपयशाच्या काळापासून चालू होती. ज्या वर्षांची नोंद गुणपत्रिकेत ‘अनुत्तीर्ण’ अशी झाली, त्याच वर्षांतील वाचन पुढे लेखनाला उपयोगी पडले. वर्ष वाया गेले की नाही, हे केवळ निकालावरून ठरत नाही, हे यातून लक्षात येते.

३. स्वामी रामानंद तीर्थ : संकल्प आणि त्याचे नूतनीकरण

कुरुंदकर जेथे शिकवत होते, ते पीपल्स कॉलेज १९५० मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने सुरू झाले. स्वामीजींचे मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म १९०३ मधला. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर, म्हणजे १९२० मध्ये, त्यांनी विद्यार्थिदशेतच अविवाहित राहून देशसेवा करण्याचा संकल्प केला.

संकल्पाची ही घटना सर्वांच्या स्मरणात राहते. त्यानंतरची वर्षे सहसा राहत नाहीत. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. वर्ग घेणे, विद्यार्थी घडवणे, अपुऱ्या पैशांत शाळा चालवणे हे काम रोजचे होते आणि त्याला प्रसिद्धी नव्हती. १९३८ मध्ये ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उतरले आणि त्यांना कारावास झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त होईपर्यंत तुरुंगवासाचे प्रसंग त्यांच्यावर पुन्हा आले.

संकल्प एकदा केला जातो. परंतु तो टिकवण्यासाठी दररोज नव्याने निवडावा लागतो. आणखी एक मुद्दा लक्षात घ्या. १९३८ मध्ये स्वामीजींनी शाळेचे काम सोडले, म्हणून त्यांचे सातत्य खंडित झाले असे म्हणता येत नाही. लोकांना स्वातंत्र्यासाठी सिद्ध करणे हा हेतू कायम राहिला. त्याचे रूप तेवढे बदलले. हेतू न तपासता जुनेच रूप धरून ठेवणे याला हट्ट म्हणतात. हेतू जपून रूप बदलण्याची तयारी ठेवणे हे सातत्याचे लक्षण होय.

४. लातूर : संस्थेची सवय

व्यक्तीप्रमाणे संस्थेलाही वळण असते. लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झाले. तेथील प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या नावाशी ‘लातूर पॅटर्न’ जोडला जातो. पुढे १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या, स्वामीजींच्याच नावाच्या विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. लातूर पॅटर्नमध्ये गूढ असे काही नव्हते. जादा तासिका, वारंवार सराव परीक्षा, उत्तरपत्रिकांतील चुकांवर चर्चा आणि शिक्षकांचा पाठपुरावा या साध्या गोष्टी नियमाने करणे, एवढेच त्याचे सूत्र होते. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या गावातील मुले त्यामुळे राज्याच्या गुणवत्ता यादीत दिसू लागली.

या पद्धतीवर टीकाही झाली. गुणांवर भर दिल्याने शिक्षणाचा अर्थ आकुंचित होतो, हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. सातत्य हे साधन आहे. ते कशासाठी वापरायचे हा प्रश्न उरतोच. चुकीच्या दिशेने नियमित चालणारा माणूसही दूर जातो.

५. परिस्थितीची मर्यादा

येथवरच्या विवेचनातून एक चुकीचा निष्कर्ष निघण्याचा धोका आहे. जो मागे राहिला त्याने योग्य निवड केली नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. ज्या मुलीचे लग्न शाळकरी वयात लावून दिले, ज्या मुलाला ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर जावे लागले, त्यांच्यापुढे निवडीचे फारसे पर्याय नव्हते. कुरुंदकरांना मामांच्या घरी पुस्तकांचा सहवास लाभला. तो प्रत्येकाला लाभत नाही.

म्हणून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. ‘माझ्या वाट्याला काय आले?’ या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी परिस्थिती देते. ‘जे आले त्यात आज मी काय करतो?’ या प्रश्नाचे उत्तर थोडे तरी आपल्या हाती असते. हे ‘थोडे’ कधी दिवसातील अर्ध्या तासापुरतेच असेल. शेतातील काम, नोकरी किंवा स्वयंपाक आटोपल्यावर पाठ्यपुस्तकाची चार पाने वाचणारा विद्यार्थी हेच थोडे वापरत असतो. एखाद्या रात्री वाचन झाले नाही, तर त्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या रात्री पुस्तक पुन्हा उघडले जाते की नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे.

६. समारोप

जीवनाची दिशा एखाद्या मोठ्या घटनेने सुचवली जाते, पण ती पक्की होते वारंवार केलेल्या निवडीने. अपयशाच्या काळातही अभ्यास चालू ठेवता येतो, हे कुरुंदकरांच्या उदाहरणावरून दिसते. हेतू स्थिर ठेवून मार्ग बदलता येतो, हे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या जीवनातून कळते. साध्या गोष्टी नियमाने केल्यास काय साधते आणि त्यात कोणता धोका असतो, हे लातूरच्या प्रयोगाने दाखवले. परिस्थितीचा वाटा मान्य करूनही माणसाच्या हाती काही उरते. अक्षराप्रमाणे आयुष्यालाही वळण येते ते गिरवण्यानेच, आणि गिरवायला वयाची अट नाही.

७. स्वाध्याय

१. ‘वळण’ या शब्दाचे तीन अर्थ सांगून त्यांचा पाठाच्या विषयाशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. सातत्य आणि हट्ट यांतील फरक स्वामी रामानंद तीर्थ यांच्या उदाहरणाने विशद करा.
३. ‘वाया गेलेले वर्ष’ या कल्पनेची कुरुंदकरांच्या जीवनाच्या आधारे चिकित्सा करा.
४. तुमच्या परिसरातील, दीर्घकाळ एकच काम निष्ठेने करणाऱ्या एका व्यक्तीशी बोला. तिची निवड आणि तिची परिस्थिती या दोन्हींचा विचार करून दीडशे शब्दांत टिपण लिहा.