अग्निबाण जमिनीवरून कसा उचलला जातो?

श्रीहरिकोटा येथून १४ जुलै २०२३ रोजी 'चंद्रयान-३' घेऊन निघालेल्या अग्निबाणाचे वजन सुमारे ६४० टन होते. एवढे अवाढव्य धूड जमीन सोडून आकाशात झेपावते ते कशाच्या बळावर? हा प्रश्न वर्गात विचारल्यास बहुधा उत्तर मिळते, "खालून निघणारा ज्वालांचा झोत जमिनीला रेटतो, म्हणून अग्निबाण वर जातो." हे उत्तर सकृद्दर्शनी पटण्याजोगे असले तरी बरोबर नाही.

एक जुना गैरसमज

या गैरसमजातून विद्वानही सुटले नाहीत. अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांनी अग्निबाण चंद्रापर्यंत पाठविता येईल असे प्रतिपादन केले, तेव्हा १९२० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अग्रलेखातून त्यांची टर उडविली. अवकाशात हवाच नाही, तर अग्निबाण रेटा कशावर देणार, असा त्या पत्राचा आक्षेप होता. वस्तुतः निर्वात नळकांड्यात प्रयोग करून गोडार्ड यांनी तेथेही रेटा मिळतो हे आधीच दाखविले होते. 'अपोलो-११' चंद्राच्या वाटेवर असताना, १७ जुलै १९६९ रोजी, त्या पत्राने आपली चूक कबूल केली. गोडार्ड मात्र १९४५ सालीच निवर्तले होते.

क्रिया आणि प्रतिक्रिया

न्यूटनने १६८७ साली मांडलेल्या तिसऱ्या नियमानुसार प्रत्येक क्रियेस तितकीच व विरुद्ध दिशेची प्रतिक्रिया असते. अग्निबाणाच्या ज्वलनकोठीत इंधन जळून तप्त वायू निर्माण होतो व तो प्रचंड वेगाने खाली फेकला जातो. अग्निबाण वायूला खाली ढकलतो आणि वायू अग्निबाणाला वर ढकलतो. हा व्यवहार या दोहोंमधीलच आहे. जमिनीची वा हवेची त्यास गरज नाही. उलट, हवेचा दाब व विरोध नसल्याने निर्वात पोकळीत रेटा किंचित अधिकच मिळतो. ज्वलनास लागणारा ऑक्सिजनही अग्निबाण इंधनाबरोबर स्वतःच वाहून नेतो.

रेटा आणि वजन

तथापि केवळ रेटा असून भागत नाही. तो वजनापेक्षा अधिक असावा लागतो. समजा, अग्निबाणाचे वजन १०० टन आहे आणि रेटा १३० टनांचा आहे. वजन पेलण्यात १०० टन खर्ची पडतात व उरलेल्या ३० टनांनीच अग्निबाण वर सरकतो. म्हणून दर सेकंदास त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटरनेच वाढतो. पुढे ५० टन इंधन जळून गेले की तोच रेटा निम्म्या वजनाला मिळतो. आता शिल्लक ८० टनांची असते आणि वेगाची वाढ सुमारे १६ मीटरवर जाते. आरंभी जड पावलांनी निघालेला अग्निबाण पाहता पाहता दिसेनासा होतो, त्याचे इंगित हेच. रिकामे झालेले टप्पे वाटेत टाकून देण्यामागेही हाच हिशेब आहे.

भारताचा अनुभव

भारतातील पहिला अग्निबाण २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून सुटला. तो अमेरिकन बनावटीचा होता. पुढे स्वदेशी 'एसएलव्ही-३' तयार झाला. १० ऑगस्ट १९७९ रोजी तो जमिनीवरून व्यवस्थित उचलला गेला, परंतु दुसऱ्या टप्प्याची नियंत्रणयंत्रणा बिघडल्याने समुद्रात कोसळला. रेट्याला योग्य दिशा नसेल तर बळ व्यर्थ जाते, हा धडा त्यातून मिळाला. वर्षभरात दोष दूर करून १८ जुलै १९८० रोजी याच अग्निबाणाने ३५ किलोचा 'रोहिणी' उपग्रह कक्षेत सोडला. त्यासाठी १७ टनांचा अग्निबाण खर्ची पडला, यावरून पृथ्वीचे बंधन तोडणे किती महाग आहे हे कळते. या कार्यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. विक्रोळी येथे इंजिने आणि वालचंदनगर येथे अग्निबाणाचे सुटे भाग घडविले जातात.

वर्गातील प्रयोग

हा नियम दाखविण्यास प्रयोगशाळा लागत नाही. वर्गात दोरा ताणून बांधावा, त्यात कागदी नळी ओवावी, नळीला फुगविलेला फुगा चिकटपट्टीने लावावा व त्याचे तोंड सोडावे. फुगा दोऱ्यावरून सरसर धावतो. मागे भिंत जवळ असो वा दूर, त्याच्या धावण्यात फरक पडत नाही, हे विद्यार्थ्यांना स्वतः पडताळू द्यावे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनी गावोगावच्या शाळांतून हा प्रयोग ग्रामस्थांसमोर झाल्यास, पाठ केलेला नियम आणि समजलेला नियम यांतील अंतर सर्वांच्याच ध्यानी येईल.