संकेतस्थळावर आलेख टाकायचाय? आधी लायब्ररी नीट निवडा



फळ्यावरचा स्तंभालेख मुलं वहीत उतरवून घेतात आणि विसरतात. तोच पावसाचा आलेख शाळेच्या संकेतस्थळावर असेल आणि जुलैच्या स्तंभावर बोट ठेवताच मिलिमीटरचा आकडा दिसत असेल, तर मूल विचारतं, "ऑगस्टमध्ये एवढा कमी का?" हा प्रश्न पडावा, म्हणूनच इंटरॅक्टिव्ह चार्ट.

अक्ष आखणं, स्तंभ काढणं, आकडा दाखवणं यासाठीचा कोड इतरांनी लिहून ठेवलेला आहे. अशा तयार कोडच्या संचाला लायब्ररी म्हणतात. बहुतेक लायब्ररी जावास्क्रिप्टमध्ये आहेत.

नेहमी भेटणारी नावं

१) चार्ट.जेएस : २०१३ साली आली. स्तंभ, रेषा, वर्तुळ असे शाळेत लागणारे आलेख तयार मिळतात. एमआयटी परवाना, म्हणजे मोफत.

२) डी३ : २०११ साली माइक बॉस्टॉक आणि स्टॅनफर्डमधल्या सहकाऱ्यांनी आणली. ही तयार आलेख देत नाही. पट्टी-कंपास हातात देते, चित्र आपण काढायचं. हवं ते काढता येतं, पण शिकायला वेळ लागतो.

३) अपाची ईचार्ट्स : सुरुवात चीनच्या बायडू कंपनीत, आता अपाची फाउंडेशनकडे. मोफत आहे आणि हजारो नोंदी असल्या तरी पेलते.

४) गूगल चार्ट्स : मोफत आणि सोपी. पण तिचा कोड उतरवून आपल्याकडे ठेवायची परवानगी नाही. संगणक कक्षातलं इंटरनेट गेलं, की आलेखाची जागा कोरी!

५) हायचार्ट्स : नॉर्वेची, देखणी. व्यावसायिक वापराला पैसे पडतात, म्हणून परवान्याच्या अटी आधी वाचा.

निवडताना तीन प्रश्न विचारा

*पान किती जड होईल?* प्लॉटलीची पूर्ण फाइल ३ एमबीहून मोठी आहे, चार्ट.जेएसची साधारण २०० केबी. पालकांचा जुना मोबाइल आणि गावाकडचं नेटवर्क डोळ्यांसमोर आणा, म्हणजे फरक कळेल.

*नेट नसताना चालेल का?* चार्ट.जेएस, डी३, ईचार्ट्स यांची फाइल आपल्याच फोल्डरमध्ये ठेवता येते. मग वर्ग अडत नाही.

*न दिसणाऱ्या मुलाला काय मिळेल?* हा प्रश्न सहसा राहूनच जातो. चार्ट.जेएस आलेख कॅनव्हासवर रंगवते, त्यातला आकडा स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. डी३ने एसव्हीजीमध्ये काढलेल्या आलेखात प्रत्येक स्तंभ वेगळा घटक असतो, त्याला नाव देता येतं. पण तेही आपणच द्यावं लागतं. म्हणून लायब्ररी कोणतीही घ्या, आलेखाखाली त्याच आकड्यांचा साधा तक्ता द्याच. आणि फक्त लाल-हिरव्या रंगावर भेद दाखवू नका. काही मुलांना हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत.

मग शाळेसाठी कोणती?

माझं मत : सुरुवात चार्ट.जेएसने करा, फाइल स्वतःकडे ठेवा, खाली तक्ता द्या. नकाशा किंवा वेगळ्या धाटणीचं चित्र लागलं, तर डी३कडे वळा.

करून पाहा : मुलांकडून आठवडाभराचं कमाल तापमान नोंदवून घ्या. सात आकडे, सात स्तंभ. आलेख तयार झाला, की तो घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाइलवर उघडायला सांगा. तिथे उघडला आणि वाचता आला, तर तुमची निवड बरोबर!