माकड पिशवी कसं ओळखतं?

प्रश्न : वालीवला आमचा छोटा गाळा आहे. श्रावणात तुंगारेश्वरला पायी जातो, तेव्हा लाल तोंडाची माकडं वाटेवर टोल वसूल करायला बसल्यासारखी बसलेली असतात. हात रिकामे असले तर बघतही नाहीत, पण पूजेची पिशवी दिसली की झडप ठरलेली. उलट काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं कधीमधी आमच्या पत्र्यावरून धडधडत जातात, पण कुणाच्या डब्याला हात लावत नाहीत. दोघं एकाच जंगलातले. मग एक चोर आणि दुसरा साव, असं का? – एक वाचक, वालीव (वसई पूर्व)

उत्तर : निवाडा करण्याआधी दोघांच्या पोटात डोकावू. खरा फरक तिथं आहे.

तुंगारेश्वरचं जंगल २००३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर आहे. तिथली लाल तोंडाची माकडं मकाक कुळातली, तर काळ्या तोंडाची वानरं लंगूर. दिसायला भाऊबंद वाटले, तरी या दोन घराण्यांची वाटणी होऊन दीड कोटीहून अधिक वर्षं झाली आहेत.

वानराचं मुख्य अन्न म्हणजे पानं, कळ्या, कच्ची फळं आणि बिया. पानात तंतू फार आणि पोषण कमी. ते पचवण्यासाठी वानराच्या जठराला कप्पे असतात आणि तिथं राहणारे जीवाणू पाला आंबवतात. हे काम सावकाश चालतं. म्हणून सकाळी भरपूर चरायचं आणि दुपारी फांदीवर शेपूट सोडून बसायचं, असा त्याचा दिनक्रम असतो. आपल्याला तो आळस दिसतो. प्रत्यक्षात आत पचनाचा कारखाना चालू असतो.

मकाकाचं पोट साधं, बरंचसं आपल्यासारखं. फळं, बिया, कोवळे कोंब, किडे, पक्ष्यांची अंडी, जे मिळेल ते चालतं. शिवाय त्याच्या दोन्ही गालांत पिशव्या असतात. खालच्या दातांच्या बाहेरून त्यांचं तोंड उघडतं आणि त्या भरल्या की मानेपर्यंत फुगतात. शेंगदाणे, चणे, केळ्याचे तुकडे भराभर आत कोंबायचे आणि सुरक्षित फांदी गाठून निवांत चावायचे, अशी ही सोय. आपल्याला लुटण्याच्या कितीतरी आधीपासून ती त्यांच्याकडे आहे आणि तिचा उपयोग मुख्यतः घरातल्याच दांडग्यांपासून वाचण्यासाठी होतो. मकाकांच्या कळपात मानाची उतरंड कडक असते. खालच्या पायरीवरच्या माकडानं फळ हातात धरून ठेवलं, तर वरचा येऊन ते हिसकावतो. गालात टाकलं की ते आपलं.

आता दोन्ही अन्नांचा हिशेब मांडा. पाला सगळीकडे असतो, त्यासाठी झडप घालून मिळणार काय? पिकलेलं उंबराचं झाड मात्र एका जागी, थोडे दिवस आणि सगळ्यांनाच हवं असतं. तिथं जो चपळ, जो धीट, त्याचं पोट भरतं. केळी-नारळानं भरलेली पिशवी म्हणजे चालत आलेलं उंबराचं झाडच. मकाकाचं शरीर आणि स्वभाव अशाच ठिकाणी कामाला येतो.

तरी वानराला सरसकट साव ठरवू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदाराला विचारा. आंब्याचा मोहोर, कोवळे नारळ, परसातली भाजी यांचा फडशा पाडण्यात वानरंही मागं नसतात. आणि जिथं यात्रेकरू वर्षानुवर्षं वानरांना हातानं चणे भरवतात, तिथं वानरंही पदराला झोंबायला शिकतात.

तुमच्या प्रश्नाचा गाभा या ‘शिकण्या’त आहे. पिशवीत खाऊ असतो, हे कुठलंही माकड जन्मतः जाणत नाही.

कर्नाटकातल्या बांदीपूरच्या रस्त्यालगत राहणाऱ्या बॉनेट मकाकांवर अद्वैत देशपांडे, श्रीजाता गुप्ता आणि अनिंद्य सिन्हा यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथली काही माकडं पर्यटकासमोर येऊन हात पुढे करतात आणि एक मऊ ‘कू’ आवाज काढतात. समोरच्या माणसाचं लक्ष आहे का ते पाहतात आणि खाणं मिळेपर्यंत मागत राहतात. हा आवाज ती एरवी आपल्या कळपाशी बोलायला वापरतात. तो माणसाकडे वळवणं आणि हात पसरणं हे त्यांनी बहुधा माणसांच्या सहवासात उचललं, असं या अभ्यासकांचं म्हणणं आहे.

बालीतल्या उलुवातू मंदिरातली माकडं आणखी एक पायरी पुढं गेली आहेत. ती चष्मा, टोपी, फोन पळवतात आणि खाऊ दिल्यावरच परत करतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की मोठी माकडं माणसाला जास्त मोलाची वाटणारी वस्तू हेरून पळवतात आणि तिच्या बदल्यात चांगल्या खाऊसाठी अडून बसतात. लहानांना ही पारख नसते, ती वयानं येते.

हे ज्ञान कळपात टिकतं कसं, हेही पाहा. मकाकांत माद्या जन्मभर आपल्याच कळपात राहतात. आजी, आई, मावशा, बहिणी असं ते माहेरचं राज्य असतं. नर वयात आले की दुसऱ्या कळपात जातात. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ मध्ये इमो नावाच्या दीड वर्षाच्या मादीनं वाळूनं माखलेलं रताळं पाण्यात धुऊन खाल्लं. तिचं पाहून तिच्या बरोबरीची पिल्लं शिकली, आई शिकली, पुढं त्या माद्यांची पिल्लं शिकली. म्हातारे नर मात्र बहुतेक कोरेच राहिले. तुंगारेश्वरच्या वाटेवर आईच्या पोटाला लोंबकळणारं पिल्लूही आईची नजर कुठं जाते ते बघतच मोठं होतं.

याच पत्रात : माकड दात दाखवून हसतं, तरी चावतं. असं का?

ते हसत नाही. ओठ मागं ओढून दातांच्या रांगा दाखवणं ही मकाकांत बहुतेक वेळा भीतीची किंवा शरणागतीची खूण असते. ‘मी धाकटा, मला मारू नकोस’ असा तिचा अर्थ. धमकी वेगळी दिसते. त्या वेळी नजर रोखलेली, भुवया वर ओढलेल्या, तोंड गोल उघडलेलं आणि डोकं पुढं झुकलेलं असतं. मैत्रीची खूण म्हणजे ओठांचा भराभर ‘पुटपुट’ आवाज. बरेचदा त्यानंतर एकमेकांचे केस विंचरणं सुरू होतं. उवा काढणं हा त्यातला एक भाग. नाती जुळवणं आणि भांडण मिटवणं हा दुसरा, तितकाच महत्त्वाचा.

आता सेल्फी काढणारा माणूस आठवा. तो माकडाच्या डोळ्यांत रोखून बघतो आणि दात दाखवून हसतो, म्हणजे एकाच वेळी धमकी देतो आणि घाबरल्याचंही सांगतो. समोरच्यानं काय समजायचं? २०१७ मध्ये बार्बरी मकाकांच्या चेहऱ्यांची चित्रं लोकांना दाखवून एक अभ्यास झाला. त्यात अनेकांनी चिडलेला चेहरा शांत किंवा प्रेमळ म्हणून ओळखला. चावे बसण्यामागं हे गैरसमजही असतात.

म्हणून वाटेत माकड आडवं आलं तर नजर खाली, ओठ मिटलेले, पाठ न दाखवता बाजूनं सावकाश निघावं. पिशवी धरलीच असेल तर रस्सीखेच करू नये. चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा. हळद, चुना, तंबाखू लावत बसू नये.

वानर खाकरलं की बिबट्या जवळ असतो, हे खरं का?

बरेचदा खरं. तुंगारेश्वरच्या जंगलात बिबटे आहेत आणि २०२४ मध्ये तर एक बिबट्या थेट वसईच्या किल्ल्यात मुक्कामाला आला होता. उंच फांदीवरून वानराला लांबचं दिसतं. बिबट्या दिसला की ते घशातून खरखरीत ‘खक्’ असा आवाज काढतं. चितळ आणि सांबर तो ऐकून सावध होतात. बदल्यात चितळाचं नाक वानराच्या कामी येतं. शिवाय वानर खाताना बराच पाला आणि फळं खाली टाकतं, त्यावर चितळांचं पोट भरतं.

बॉनेट मकाकही वानराचा हा इशारा ओळखतात. उमा रामकृष्णन आणि रिचर्ड कॉस यांनी दक्षिण भारतातल्या जंगलांत बिबट्याच्या प्रतिकृती ठेवून पाहिलं. ठिपक्यांची प्रतिकृती दिसताच माकडांची जितकी पळापळ झाली, तितकी काळ्या बिबट्याच्या प्रतिकृतीनं झाली नाही. ठिपके म्हणजे मरण, ही ओळख त्यांच्या डोळ्यांत खोल रुजलेली दिसते. मात्र कुत्रं दिसलं किंवा अनोळखी हालचाल झाली तरी वानर ओरडतं. इशारा ऐकून सावध जरूर व्हावं, व्हिडिओ काढायला त्या दिशेनं जाऊ नये.

बीड जिल्ह्यात वानरांनी सूड म्हणून कुत्र्याची पिल्लं मारली, असं ऐकलं होतं. माकडं खरंच डूख धरतात?

घटना माजलगाव तालुक्यातल्या लवूळ गावची. वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेत. तिथं ती उपाशी राहून किंवा खाली पडून मरत. ‘अडीचशे पिल्लं मारली’ हा आकडा जगभर फिरला, पण त्याला पक्का आधार मिळाला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये वन खात्यानं दोन वानरं पकडली. सगळ्या वानरजातीनं कुत्र्यांविरुद्ध पुकारलेलं युद्ध ही माणसांनी रचलेली गोष्ट होती.

वानरांत पिल्लं उचलण्याची सवय मुळातच असते. नवजात पिल्लाचा रंग आईच्या राखाडी रंगापेक्षा अगदी वेगळा, काळपट तपकिरी असतो. जन्मल्यापासून काही तासांतच ते एका मादीकडून दुसरीकडे फिरू लागतं. मकाक आई असं सहजी देत नाही.

पिल्लांच्या बाबतीत वानरांची दुसरी बाजू मात्र कठोर आहे. त्यांच्या अनेक टोळ्यांत एकच मोठा नर असतो. बाहेरच्या नरानं त्याला हुसकावलं की नवा नर कधी कधी अंगावर पिणारी पिल्लं मारतो. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६०च्या दशकात धारवाडजवळ हे नोंदवलं. पुढं सारा हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांवर काम करून १९७७ च्या पुस्तकात त्याचं कारण मांडलं. पिल्लू पीत असेपर्यंत आई पुन्हा माजावर येत नाही आणि नव्या नराची सत्ता फार काळ टिकत नाही. त्याच्या दृष्टीनं दुसऱ्याचं पिल्लू म्हणजे वाया जाणारा वेळ. यात राग नाही आणि डूखही नाही. माद्याही गप्प बसत नाहीत. त्या एकजुटीनं नरावर धावून जातात, पिल्लू लपवतात.

शनिवारी मारुतीच्या नावानं चणे-केळी घालतो. ते पुण्य की पाप?

धाराशिव जिल्ह्यातल्या उपळा गावात तर ३२ एकर जमीन कागदोपत्री माकडांच्या नावावर असल्याचं २०२२ मध्ये बातम्यांत आलं होतं. माकडाला वाटा देण्याची आपली रीत जुनी आहे आणि ती हेटाळण्यासारखी नाही. हेतू चांगलाच असतो. परिणाम तपासायला हवा.

रस्त्यावर खाऊ मिळाला की माकडं रस्त्यावर बसतात आणि गाड्यांखाली येतात. सोपं अन्न वाढलं की पिल्लं जास्त जगतात, कळप फुगतो आणि यात्रेकरू कमी झाले की तोच कळप गावात शिरतो. खाऊवरून त्यांच्यातली भांडणंही वाढतात. मग तक्रारी येतात आणि माकडं पकडून दुसरीकडे सोडा अशी मागणी होते. त्यानं दुखणं फक्त जागा बदलतं. उत्तरेकडचा ऱ्हीसस मकाक एकेकाळी पश्चिमेला तापीच्या वर राहायचा. आता तो दक्षिणेकडे सरकतो आहे आणि माणसांनी पकडून सोडलेली माकडं हेही त्याचं एक कारण मानलं जातं. त्यात जागा जाते ती बॉनेट मकाकाची, जो भारताच्या दक्षिण द्वीपकल्पाबाहेर जगात कुठंच नाही. मुंबई-ठाणे पट्ट्यात दोघंही दिसतात. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखी केसांची टोपी आणि शरीराहून लांब शेपूट असेल तर बॉनेट. शेपूट आखूड आणि कंबरेखाली नारिंगी झाक असेल तर ऱ्हीसस.

एक धोका आरोग्याचाही आहे. सिंधुदुर्गात दोडामार्गाकडे २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली. तो गोचिडांमुळे पसरतो आणि माकडंही त्यानं मरतात. मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका. वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

तेव्हा पुण्य करायचंच असेल तर शनिवारच्या केळ्यांचे पैसे साठवून पावसाळ्याच्या तोंडाला उंबर, जांभूळ, करंज यांची रोपं घ्या आणि वन खात्याला विचारून योग्य जागी लावा. तुंगारेश्वरला जाताना पूजेचं साहित्य पाठीवरच्या बंद पिशवीत, आत खोल ठेवा आणि वाटेत उघडू नका. तुमच्याबरोबर येणाऱ्यांनाही तसंच करायला सांगा. एकट्यानं करून उपयोग नाही, कारण दहातल्या एका पिशवीनं खाऊ दिला तरी माकडाला वाट पाहणं परवडतं. पिशव्यांतून काही मिळेनासं झालं, तर पुढच्या पिल्लांना त्या ओळखायचं कारणच उरणार नाही.