समोरचा गडी कागदावर काढ

चि. बाळास,

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी तू आखलेल्या पासच्या चाली पाहिल्या. पुष्कळ आहेत, पण एक ना धड भाराभर चिंध्या! कागदावर तुझे अकरा गडी आहेत, समोरचा एकही नाही.

मॅन कव्हरेजमध्ये बचावपटू जागा राखत नाही, माणूस राखतो. म्हणजे त्याने कुठे धावायचं ते तूच ठरवतोस. आधी एका रिसीव्हरला मोशनमध्ये, म्हणजे चाल सुरू होण्यापूर्वीच आडवं धावत पाठव. त्याच्यामागे कुणी थेट धावत सुटला, तर बहुधा मॅनच. 2023 च्या सुपर बोलमध्ये अँडी रीड यांच्या कॅन्सस सिटीने मोशनमागे सरकण्याची ईगल्सची सवय पकडली. चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांचा रिसीव्हर केडेरियस टोनी आत निघाला, बचाव आत सरकला आणि हा उलट पावली बाहेर! आसपास चिटपाखरू नव्हतं. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूला स्काय मूरने तेच केलं. सामना 38–35 असा जिंकला.

मला विचारशील तर तुमच्या पोरांना मेश ही चाल शिकव, प्रशिक्षक माइक लीच यांची लाडकी. दोन रिसीव्हर दोन्हीकडून येऊन साधारण सहा यार्डांवर एकमेकांना घासून ओलांडतात. मधे फट ठेवलीस, तर बचावपटू त्यातून निसटतो. न ठेवलीस, तर त्याला वळसा पडतो आणि तेवढ्यात आपला गडी दोन पावलं पुढे. ओलांडल्यावर थांबायचं नाही. थांबणं झोनसमोर, म्हणजे बचाव जागा राखत असेल तेव्हा, ठीक. इथे थांबला की पाठलाग करणारा येऊन भिडलाच. पोरं हटकून थांबतात, तेव्हा सरावात हेच घोटून घे. आणि मुद्दाम कुणाला अडवू नका, पंच पिवळा रुमाल टाकतील.

पण दोन रिसीव्हरांची अशी गर्दी जमायच्या आधीच मोडली तर? 2015 च्या सुपर बोलमध्ये सिअ‍ॅटल गोलरेषेपासून एका यार्डावर होतं. रिसीव्हर कर्सने बचावपटूची वाट अडवायची, मागून लॉकेटने आत घुसायचं, असा बेत. न्यू इंग्लंडच्या ब्राउनरने कर्सला जागच्या जागी रोखलं, त्याचा साथी माल्कम बटलरला वाट मोकळी मिळाली आणि त्याने चेंडू हिसकावला. लोक अजून सिअ‍ॅटलच्या प्रशिक्षकाला शिव्या घालतात. माझ्या मते चाल पहिल्याच पावलाला मेली होती.

तेव्हा दोनच चाली निवड. त्यांत समोरचा प्रत्येक गडी काढ, तो आतल्या अंगाला उभा आहे की बाहेरच्या, तेही दाखव आणि मला पाठव.

तुझा,
काका